अकरा वेळा उठलेलं बाळ

प्रसूतिगृहाच्या काचेच्या खिडकीपाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत मोठ्या नर्सबाईंनी टेबलावरच्या निपचित बाळाच्या तोंडानाकावर मास्क धरला, त्याला जोडलेला रबरी फुगा दाबला आणि बाळाची छाती वर आली. सकाळपासून ते अकरा वेळा मेलं होतं आणि अकरा वेळा उठलं होतं.

"आतली हवा मंतरलेली आहे," दारावरचा वॉचमन डोळे मिटून सांगत होता. कालपर्यंत त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं, आज लोक 'बाबा' म्हणून चहावर चहा पाजत होते. त्याच्या हातात तसलाच फुगा होता. "पोटावर तीन फुंकरा, की बाळ रडतच बाहेर. दवाखान्याची गरजच काय?"

शिंपीणबाईंनी दिवस भरलेल्या सुनेच्या पोटावर तीन फुंकरा मारून घेतल्या आणि पिशवी उचलली. "चल घरी."

"आत्या, पहिलं घरीच झालं होतं. रडलंच नाही," सून म्हणाली.

"तेव्हा ही फुंकर कुठं होती?"

तेवढ्यात नर्सबाई बाहेर आल्या. "माझा एक फुगा कमी आहे." बाबांनी हात पाठीमागे लपवला. नर्सबाईंनी फुगा काढून घेतला आणि बाबांना, शिंपीणबाईंना आत नेलं. टेबलावरचं ते बाळ म्हणजे रबराची बाहुली होती.

"दाबा, बाई."

शिंपीणबाईंनी दाबला. छाती ढिम्म. "माझ्या हाताला गुण नाही हो."

"गुणाचं राहू द्या. हवा कुठून पळते ते बघा."

हे मात्र त्यांच्या धंद्यातलं निघालं. उसवलेली शिवण शोधण्यात चाळीस वर्षं गेलेली. गालापाशी मास्कखाली फट दिसली. बाहुलीची हनुवटी जराशी उचलून त्यांनी मास्क नीट बसवला, आणि छाती वर आली. नर्सबाईंनी बाहुली उघडली. आत साधी प्लास्टिकची पिशवी.

"हवा तुमच्याआमच्यातलीच. जन्मलेलं बाळ पुसायचं, पाठ चोळायची. तरी श्वास नाही, तर मिनिटाच्या आत हे. नर्सना तेच शिकवतेय."

बाबांनीही पुटपुटत दाबून पाहिलं. फुस्स.

"मंत्र ठेव बाजूला. गालापाशी उसवलंय," शिंपीणबाई म्हणाल्या.

सून दवाखान्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झालं ते निळसर आणि गप्प. रडणं ऐकू येईना, तशा दाराबाहेरच्या शिंपीणबाई काचेच्या खिडकीकडे धावल्या. आत शिकाऊ नर्सनं पुसलं, चोळलं, मास्क बसवून फुगा दाबला, आणि बाळानं टाहो फोडला.

लोक त्या पोरीच्या पाया पडायला धावले. शिंपीणबाई डोळे पुसत आडव्या आल्या. "पाया काय पडता? ती शिकलीय म्हणून माझं नातवंड वाचलं. आपल्या लेकीसुनांना शिकलेल्या हातांत द्या. माझं पहिलं नातवंड मी दिलं नव्हतं."