परक्या हाताची तुरपाई

पँटच्या पायाची तुरपाई माझ्या हातची नव्हती.

पँट आमच्या ह्यांचीच होती, राखाडी रंगाची. गाडीच्या डिकीत छत्री शोधत होते, तर स्टेपनीच्या मागे कागदी पिशवीत घडी घालून ठेवलेली सापडली. इस्त्री अशी कडक की घडीनं बोट कापावं. मी तर ह्यांच्या पँटला अशी इस्त्री लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच केली असेल. पाय उलटून बघितला. बारीक, एकसारखे, तिरपे टाके, आणि दोरा कापडाला अगदी जुळणारा. बाईचाच हात. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मला हे कळतं, कारण एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर आहे. समोरून शर्ट जातात आणि मी खोट काढते. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, डाग. सापडलं की त्यावर लाल ठिपका चिकटवायचा. ठिपक्यांचा रोल माझ्या पर्समध्येच असतो. घरीसुद्धा हात शिवशिवतात. हलणाऱ्या खुर्चीला ठिपका, गळक्या मगाला ठिपका, मागे पडणाऱ्या घड्याळाला ठिपका. भाचीच्या वाढदिवसाला तर भर घोळक्यात मी ह्यांनाच एक लावला होता. काय हशा पिकला होता! पाहुणे अजून आठवण काढतात.

तर असं माझं. आणि माझ्याच नाकाखाली हे!

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. वर्षभर हे स्वतःची पँट स्वतः धुतात. ज्या माणसानं कधी स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो म्हणतो, "अगं, तू दमतेस." मला वाटलं, म्हातारपणी अक्कल आली. कसली अक्कल! कुणाच्या तरी अत्तराचा वास धुवून काढत असणार. माझ्याबरोबर कुठे यायचं म्हटलं की ह्यांचं डोकं दुखतं. रात्री चार चार वेळा उठून जातात, दार लावून घेतात आणि किती तरी वेळ बाहेर येत नाहीत. मी विचारलं तर म्हणे, "पोट बिघडलंय." वर्षभर बिघडलेलं पोट मी तरी अजून बघितलेलं नाही.

हे गाडी चालवायला शिकवतात. दोन ब्रेकची गाडी, छतावर पाटी. सगळे मास्तर म्हणतात. आमच्या कारखान्यातली पॅकिंगवाली तिची पाळी लवकर सुटली की ह्यांच्याकडेच शिकते. डबा खाताना तिला सहज विचारलं, "काय गं, कसं चाललंय शिकणं?"

"मास्तर चांगले आहेत हो," ती म्हणाली, "पण सारखं मागे घेऊन गाडी लावायलाच शिकवतात. आणि तेही एकाच जागी. त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानासमोर. रोज. आम्ही गाडी लावायची, की हे आत. दहा मिनिटांनी येतात, एकदम खुशीत. मला आता तेवढी एकच जागा जमते, तीही कशीबशी. दुसरीकडे लावायची म्हटलं की गाडी फुटपाथवरच चढते."

कपडे दुरुस्तीचं दुकान. मी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि दुकानासमोरच्या चहावाल्याकडे खांबाआड बसले. तीन चहा झाले. तेवढ्यात आमची गाडी आली. पुढे गेली, मागे आली, फुटपाथला घासली, परत पुढे. ती नीट लागायच्या आत ह्यांनी दार उघडून उडीच मारली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भाजी आणायला सांगितली की गुडघे धरतो, तो असा पळत दुकानात! आत एक बाई मशीनवर बसली होती. माझ्याच वयाची, चष्म्याला दोरी. तिनं काही विचारलं नाही. नुसता मागचा पडदा बाजूला केला, हे आत गेले, आणि तिनं पडदा सोडला.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच जाऊन दोघांचं बिंग फोडावं असं वाटलं. पण पॅकिंगवाली गाडीत बसलेली. उद्या अख्ख्या कारखान्याला तमाशा. म्हटलं, येऊ दे घरी, मग बघते.

घरी आले ते पोट धरून. चेहरा पांढराफटक, घामानं निथळत. मी तोंड उघडणार, तर हे भिंतीला टेकून खाली बसले. "दुपारपासून होतच नाहीये गं," म्हणाले. "फुटेल असं वाटतंय."

"काय होत नाहीये?"

"लघवी."

हॉस्पिटलात नळी घातली तर जवळजवळ लिटरभर निघाली. डॉक्टर तरुण होता, शर्टाचं दुसरं बटण सैल. सोनोग्राफी बघून म्हणाला, प्रोस्टेटची गाठ वाढलीय, साधीच दिसतेय, पण वाट पुरती दाबलीय आणि मूत्रपिंडांवर ताण आलाय. दुर्बिणीतून आतला वाढलेला भाग खरवडून काढायचा. बाहेर टाका नाही, काही नाही. उशीर केला तर मूत्रपिंडं जातील.

हे म्हणाले, "नको."

"अहो, नको काय नको?"

ह्यांनी माझ्याकडे न बघता डॉक्टरला विचारलं, "त्याच्यावर काही परिणाम होतो का? म्हणजे... त्या गोष्टीवर?"

डॉक्टरनं सरळ सांगितलं. ताकद सहसा जात नाही, पण वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्रास काही नाही. मी मनात म्हटलं, आपल्याला दोन पोरं होऊन ती संसाराला लागली, आता ही चौकशी कुणासाठी चाललीय? जीव जायची वेळ आली तरी माणसाला तिचीच काळजी!

नळी आणि पिशवी सांभाळत हे बाहेर गेले आणि कुणाला तरी फोन लावला. मी दाराआड उभी. लाज वाटत नाही सांगायला. हळू आवाजात बोलत होते, मध्येच नाक ओढत होते. शेवटचं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. "बरं. तुम्ही सांगताय म्हणून करतो."

आत आले आणि सही केली. माझ्या सांगण्याला नको, आणि तिच्या एका शब्दावर सही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. तासभर मी बाहेर बाकावर बसून देवाला सांगत होते, ह्यांना वाचव, मला ह्यांना जाब विचारायचाय. वाचले. वर लटकवलेल्या बाटल्यांमधून पाणी आत जात होतं आणि लालसर होऊन पिशवीत येत होतं. नर्स म्हणाली, असंच असतं, हळूहळू पांढरं होईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पँट पिशवीत घातली आणि दुकान गाठलं. बाई एक बाही उसवत होती. मी पँट तिच्या टेबलावर आपटली.

"ही तुरपाई तुमची ना?"

तिनं चष्मा लावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मास्तरांच्या बायको. ऑपरेशन नीट झालं ना?"

"तुम्हाला बरी काळजी!"

"आहेच काळजी," ती म्हणाली. उठली आणि मागचा पडदा पूर्ण बाजूला ओढला. आत हातभर जागा, एक आरसा, कपडे अडकवायची खुंटी. त्याच्या मागे संडासाचं दार. कडेला फळीवर आणखी एक पँट, घडी केलेली, निळी. तीही ह्यांचीच.

"पहिल्यांदा आले तेव्हा दारात उभं राहून दोऱ्यांचे रंग विचारत होते," ती म्हणाली. "मी पाय बघितले. एकावर एक आवळलेले. मीच म्हटलं, आत जा. माझ्या माणसाचं असंच होतं. दोन वर्षं लपवलं त्यानं. मूत्रपिंडं गेली, मग तोही गेला. तुमच्या मास्तरांना वर्षभर सांगतेय, डॉक्टरकडे जा, बायकोला सांगा. कधी पोचायच्या आतच व्हायची, म्हणून दोन पँट इथे आणून ठेवल्या. एकीचा पाय उसवला होता, टाके घालून गाडीत ठेवायला दिली. परवा फोनवर रडत होते. ऑपरेशननंतर आपण पुरुष राहणार नाही, म्हणाले, आणि बायको हसेल."

"मी? मी कशाला हसेन?"

तिनं बाही परत हातात घेतली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भाचीच्या वाढदिवसाला म्हणे बाथरूममधून आले, तेव्हा पँटला ओला डाग होता. तुम्ही तिथे लाल ठिपका लावलात. सगळ्यांसमोर."

तोंडात मारल्यासारखं झालं. तो डाग मला आठवला. रुपयाएवढा, डाव्या बाजूला. मला वाटलं होतं, नळाचं पाणी उडालंय. मी ठिपका लावून म्हणाले होते, "हा माल परत पाठवा!" सगळे हसले होते. हेही हसले होते. त्यानंतर पँट स्वतः धुवायला लागले.

मला डाग दिसला होता हो. माणूस दिसला नाही.

"येते," एवढंच म्हणाले. तिनं निळी पँटही पिशवीत घालून दिली.

हॉस्पिटलात हे उशीला टेकून बसले होते. पिशवीतलं पाणी आता फिक्कट गुलाबी होतं. माझ्या हातातली कागदी पिशवी ओळखली आणि चेहरा पडला. हात आपोआप चादरीवर गेला, चादर नळीवर ओढली. माझ्यापासून लपवायला.

"तुझ्या लक्षात आलं तर," हे म्हणाले.

"आलं. वर्षभर उशिरा."

पर्समधून रोल काढला. हे डोळे विस्फारून बघत होते, अंग चोरून. एक ठिपका सोलला आणि माझ्याच कपाळावर चिकटवला, भर वॉर्डात. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा बघायला लागला.

"चुकले हो मी," मी म्हणाले. "हा माल परत पाठवायचा तर पाठवा."

ह्यांनी ठिपक्याकडे बघितलं. मग हसायला लागले, आणि लगेच पोट धरलं.

"हसवू नकोस गं, नळी ओढतेय," म्हणाले, आणि चादरीवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला.