हयात दात्यास शोकपत्र

"मी वारलोय," दार उघडून गृहस्थ म्हणाले. "सात वर्षं झाली. या, आत या."

गेलो. दुसरं काय करणार? सचिवांनी सकाळीच दम दिला होता, "तुम्ही मारलेला माणूस फोनवर बोलतोय. त्याला परत आणा, नाहीतर पहिल्या तारखेपासून तुम्हीही घरी बसा." आमची संस्था गरजू रुग्णांना चाकाच्या खुर्च्या फुकट वापरायला देते. हे गृहस्थ चष्म्याचे दुकानदार, दरवर्षी एक खुर्ची द्यायचे. तुटलेले देणगीदार पुन्हा जोडायचे म्हणून सचिवांनी जुनी यादी काढून फोन लावले, आणि त्यातले एक मयत 'हॅलो' म्हणाले.

चूक माझीच. रोज सकाळी पेन्सिल घेऊन पेपरातल्या निधनवार्ता वाचायच्या, देणगीदारांच्या यादीशी ताडून बघायच्या आणि तीन दिवसांच्या आत घरी सांत्वनाचं पत्र धाडायचं, ही माझी एकवीस वर्षांची पद्धत. त्या पत्रांचा मला अभिमान आहे. एरवी संस्थेत मला काळं कुत्रं विचारत नाही.

"नाव तेच होतं हो, आडनावही तेच," मी म्हणालो.

"आणि फोटो?"

"जरा पुसट होता."

त्यांनी सरळ माझ्या नाकावरचा चष्मा उचलला आणि उजेडात धरला. "फोटो कसला पुसट? हा नंबर तुमच्या लग्नातला दिसतोय."

मी हात जोडले. "साहेब, माफ करा. तुम्ही रागावून देणगी बंद केलीत, पण..."

"रागावलो कुठे? वाट बघत बसलो. तुमचं आठवणीचं पत्र आलं की मी चेक लिहायचो. मेलेल्याला कोण आठवण करतं?"

"एक फोन करायचात."

"हिनं करू दिला नाही." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. चष्मा त्यांच्याच हातात, त्यामुळे मला नुसती चौकट दिसली. अगदी नाक लावून पाहिलं. माझंच पत्र, काचेत बसवलेलं! "म्हणाली, कळवलंत तर पत्र परत मागतील. तुमच्याबद्दल इतकं चांगलं पुन्हा कोण लिहिणार? 'मितभाषी, मृदू स्वभावाचे, आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही.' वाचून बाई हसत हसत खालीच बसली. पुढं मी आवाज चढवला की चौकट काढायची आणि खणखणीत वाचायची. भांडायची सोय ठेवली नाहीत हो तुम्ही!"

मलाही हसू फुटलं. ते मात्र चौकटीकडे वळले.

"गेल्या वर्षी गेली ती. पेपरात दिलं होतं. फोटो चांगला ठळक निवडला, मुद्दाम. तुमचं पत्र येईल म्हणून पंधरा दिवस रोज टपालपेटी उघडत होतो."

ती बातमी मी वाचलीही असेल. पण बाई आमच्या यादीत नव्हत्या, आणि त्यांच्या नवऱ्याचं नाव मीच माझ्या हातानं खोडलं होतं. सचिव, नोकरी, पहिली तारीख, काही आठवेना. फार फार वाईट वाटलं.

"आत्ता लिहितो," मी पिशवीतून कागद काढत म्हणालो.

"ते तुमचं ठरलेलं नको. 'मृदू' तर अजिबात नको."

"मग कशा होत्या?"

ते खुर्चीत टेकले. "मोठ्यानं हसायची. खाली दुकानात डोळे तपासताना गिऱ्हाईक दचकायचं. किल्ली स्वतः हरवायची आणि शोधायला मला लावायची. आणि सापडली की म्हणायची, बघा, तिथंच होती."

"साहेब, चष्मा."

इतका वेळ ते सदऱ्याच्या टोकानं माझ्या काचा पुसत होते. त्यांनी चष्मा दिला. मी लिहायला लागलो. ते मधूनच एखादं वाक्य सांगायचे, मधूनच भिंतीकडे बघत राहायचे. तासाभरानं दोन्ही बाजू भरल्या. कागद मी त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी हात मागे घेतला. "असं नको. टपालानं पाठवा."

"बरं. आणि खुर्ची...?"

"पत्र आलं की चेक. यंदाची तिच्या नावानं."

जिना उतरलो. खाली भिंतीवर त्यांची टपालपेटी होती. चष्मा स्वच्छ होता, त्यामुळे तिच्यावरची दोघांचीही नावं मला नीट वाचता आली.