नवव्या वळणाची वेळ

“वजन किती टाकू तुमचं?” मी विचारलं.

“कशाला? तोलून विकायचंय का मला?” हे खुर्चीतूनच म्हणाले.

“मला नाही, ॲपला हवंय. माणसं किती, सामान किती, बाहेर ऊन किती, वारा कुठून. सगळं सांगितलं की चार्जिंगला कुठे थांबायचं ते सांगतं.”

“आम्ही बावन्न माणसं आणि टपावर पोती घेऊन घाट चढायचो. कुणी वजन विचारलं नाही.”

“तुमच्या बसमध्ये डिझेल होतं. बहात्तर लिहिते.”

“एकाहत्तर,” हे म्हणाले.

सव्वीस वर्षं ह्यांनी एकाच घाटात बस चालवली. मी त्याच डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाडी सुटली किती वाजता, परत आली किती वाजता, उशीर का झाला, हे एकतीस वर्षं रजिस्टरात लिहिलं. सगळे ड्रायव्हर मला कंट्रोलर म्हणायचे. लग्नानंतरही ह्यांनी ते सोडलं नाही. चहा हवा असला तरी, “कंट्रोलर, चहाची गाडी सुटली का?”

घाटाच्या नवव्या वळणावर एक दरी आहे. रस्ता अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा, थांबायला वीतभर जागा नाही. गाडी कठड्याजवळून जाते तेवढंच पाऊण मिनिट ती दिसते. मागे सगळी बस एका अंगाला कलायची आणि “बघा, बघा” म्हणायची. ह्यांनी मात्र ती कधीही पाहिली नाही. मागे बावन्न जीव असताना ड्रायव्हरने मान वळवायची नसते. सव्वीस वर्षांत एकदाही वळवली नाही.

आता ह्यांच्या डोळ्यांत कडेकडेने अंधार आत सरकत होता. मधे नळीएवढं दिसायचं, तेही लख्ख उजेडात. सावलीत गेले की भिंत चाचपायचे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला सांगितलं, “आता वर्षांत मोजू नका, महिन्यांत मोजा.” हे माझा हात धरून रिक्षात बसले. मग म्हणाले, “ती दरी राहिलीच बघायची.”

मी तिथल्या तिथे ठरवलं. साठाव्या वर्षी गाडी शिकले होते, लेकीने तिची जुनी विजेवरची छोटी गाडी आमच्या दारात आणून लावली होती. भाजीला जाण्यापलीकडे ती कुठे नेली नव्हती, एवढंच.

लेक म्हणाली, “आई, दोन महिने थांब. मी रजा काढून नेते तुम्हाला.”

“दोन महिने कुणाकडे आहेत?”

“मग बाबांना मोठ्या टीव्हीवर दाखवते. व्हिडिओ आहेत त्या दरीचे.”

“दुसऱ्याने पाहिलेली दरी मी कशाला बघू?” हे म्हणाले. तिने हात टेकले आणि माझ्या फोनमध्ये ते रस्ता आखायचं ॲप घालून दिलं.

आठवडाभर मी त्या ॲपशी भांडले. गाडीची बॅटरी जुनी, नव्याच्या चौऱ्याऐंशी टक्केच उरलेली, ते आधी त्याच्या कानावर घातलं. कुठेही पोहोचताना दहा टक्क्यांच्या खाली चार्जिंग गेलेलं चालणार नाही, हेही बजावलं. ते बिचारं दर वेळी जवळचा रस्ता काढायचं, घाटाच्या पलीकडून. तिकडून गेलं की दरी ड्रायव्हरच्या बाजूला येते आणि ह्यांच्या वाट्याला कातळ. मी मधे एक थांबा मुद्दाम घालून त्याला लांबच्या रस्त्याला लावलं. बावीस किलोमीटर जास्त पडले. ॲपने तक्रार केली नाही, हा एक गुण आहे त्याच्यात.

राहिली वेळ. दरीत ऊन किती वाजेपर्यंत असतं, हे कुठलंच ॲप सांगेना. ते ह्यांनी सांगितलं.

“नवव्या वळणावर दोन पन्नासला यायची त्या गाडीला मागून कायम ‘बघा बघा’ यायचं. सव्वाचारच्या गाडीला कधी नाही. सगळे घोरत असायचे.”

“म्हणजे मधे कधीतरी सावली पडते. साडेतीनची जादा गाडी नेलीत ना कधी?”

ह्यांनी आठवून पाहिलं. “नेली की. अर्धेच लोक ‘बघा’ म्हणायचे.”

मी लिहिलं: नववं वळण, दोन पन्नास. साडेतीननंतर उपयोग नाही.

डेपोतून निवृत्त होताना मी एक कोरं रजिस्टर घरी आणलं होतं. त्यात नीट रकाने आखले. गाडी, चालक, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, शेरा. ठरल्या दिवशी सकाळी बरोबर आठ चाळीसला गाडी काढली. हे शेजारी बसले, पट्टा लावला आणि सवयीने पायाने ब्रेक शोधू लागले.

“पाय आवरा,” मी म्हटलं.

“पायाला सांग,” हे म्हणाले.

पहिलं चार्जिंग एका पेट्रोल पंपाच्या मागच्या अंगाला होतं. तिथे एक मोठी गाडी आधीच वायर लावून उभी होती आणि मालक पलीकडे जेवायला गेलेला. मी हॉटेलात जाऊन दोनदा सांगून आले. तो म्हणाला, “काकू, बसा की, आलोच.” आलोच म्हणता म्हणता चाळीस मिनिटं गेली. आमच्या गाडीत नव्वद टक्के भरून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आपण चाळीस मिनिटं लेट आहोत.

माझं पुढचं वागणं मीच सांगते, ह्यांनी सांगण्याआधी. रस्ता सरळ होता, मोकळा होता. मी पाय दाबला. साठने जायचं ठरलं होतं, ती मी पंच्याण्णवने गेले. जन्मभर ड्रायव्हरांना एकच सांगत आले होते, उशीर झाला तर वाटेत वेळ भरून काढा. तेच केलं. हे दोनदा म्हणाले, “हळू गं.” मी म्हटलं, “वेळ भरून काढतेय.”

घाटाच्या पायथ्याला दोन पंचवीसला पोहोचलो. पंचवीस मिनिटं भरून काढली होती. फोनकडे पाहिलं. इथे पोहोचताना एकोणपन्नास टक्के हवे होते. तेहेतीस होते. विजेची गाडी जोरात पळवली की चार्जिंग पिते, हे मला लेकीने चारदा सांगितलं होतं. वरचा सगळा रस्ता ॲपने लाल करून ठेवला होता. चढ संपताना शिल्लक तीन.

तेवढ्यात लेकीचा फोन. तिला तिच्या फोनवर सगळं दिसत होतं. “आई, लाल झालंय. तिथे हॉटेलच्या भिंतीला चार्जर आहे बघ. हळू भरतो, पण तासाभरात पंधरा-एक टक्के होतील. तू आत्ता वर जाऊ नकोस. मधेच बंद पडली तर त्या वळणांवर कुठे उभी राहशील?”

तास थांबायचं म्हणजे साडेतीन इथेच. वर पोहोचेपर्यंत सव्वाचार. घोरण्याची वेळ.

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, कारण चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. एवढं वजन, वारा, ऊन मोजलं आणि शेवटी माझ्याच पायाने घात केला.

हे समोर बघत होते. म्हणाले, “कंट्रोलर, गाडी रद्द करायची तर कर. तुझा अधिकार आहे. मी काही म्हणणार नाही.”

एकतीस वर्षांत मी दोनच गाड्या रद्द केल्या होत्या. एकदा पूल वाहून गेला म्हणून आणि एकदा ड्रायव्हरला ताप होता म्हणून. तो ड्रायव्हर हेच.

“गाडी सुटणार,” मी म्हटलं. “पण आधी वजन कमी करू. मागे काय काय आहे?”

हे म्हणाले, “पाणी आहे.”

मागचं दार उघडून पाहिलं. वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि एक स्टेपनी. ह्या गाडीला स्टेपनी नसतेच. ती शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीची होती, आमच्या गाडीला बसलीही नसती.

“रेडिएटर तापला तर घाटात पाणी कुठून आणणार होतीस?” हे म्हणाले.

“अहो, विजेच्या गाडीला घाटात पाणी ओतावं लागत नाही!”

“मला काय माहीत. कुणी सांगितलं नाही.”

सगळं हॉटेलवाल्या बाईंच्या ओट्यावर उतरवलं. “उद्या नेतो,” म्हटलं. त्या म्हणाल्या, “पाणी वापरलं तर चालेल ना?” मला हसू आलं.

एसी बंद केला, काचा खाली केल्या. हे म्हणाले, “आता त्या फोनला चढ माहीत असेल, रस्ता मला माहीत आहे. मी सांगतो तसा पाय ठेव.” आणि डोळे मिटून घेतले. वरच्यासाठी राखून ठेवतो, म्हणाले.

डोळे मिटून ह्यांनी मला घाट चढवला. “आता दुसरं. आत्ताच पाय काढ, ब्रेक नको, गाडी आपोआप वळणात शिरेल. आता हलकं दे. हलकं म्हटलं मी. इथे पूल लागेल, त्यानंतर थोडं सपाट आहे, तिथे काहीच देऊ नकोस.” पूल लागला, सपाट लागलं. सव्वीसच्या वेगाने आम्ही चढत होतो. सत्तावीस टक्के, एकवीस, पंधरा. मागे गाड्यांची रांग लागली. एक ट्रकवाला तर हॉर्नवरून हात काढेना.

“मागे कोण आहे?” ह्यांनी विचारलं.

“सगळे आहेत.”

“असू देत. आठवं आलं. ह्याच्यानंतर तुझी नजर समोर. कोणी काहीही म्हणो, मीसुद्धा म्हणालो तरी. कळलं?”

“कळलं.”

“डोळे उघडू?”

“उघडा,” मी म्हटलं. तीन वाजून सतरा झाले होते. माझ्या हातांवर ऊन होतं.

कठडा सुरू झाला आणि मी वेग आणखी कमी केला. पंधरा, मग बारा. ॲपने त्यासाठी काही सांगितलं नव्हतं आणि चार्जिंगसाठी त्याची गरजही नव्हती. जन्मभर गाड्या वेळेवर हाकलणारी मी, त्या वळणावर मुद्दाम रेंगाळत होते. मागून ट्रक बोंबलत होता. बोंबल, म्हटलं मनात.

मग ह्यांनी खोल श्वास घेतलेला ऐकू आला.

“केवढी खोल आहे गं,” हे म्हणाले. “मी एवढ्या कडेने न्यायचो माणसं?”

मी समोर बघत राहिले. कठड्याचे पांढरे दगड एकामागून एक जात होते.

“खाली नदी आहे. उन्हात चमकतेय. पलीकडे डोंगर, त्याच्यामागे अजून एक. आणि खाली रस्ता दिसतोय. आपण आलो तोच. एवढासा आहे.” मग आवाज बदलला. “त्यावर एक बस चाललीये.”

“वेळेवर आहे का?”

“ते तुला माहीत,” हे म्हणाले. कठडा अजून संपला नव्हता. मान वळवावी असं मला फार वाटलं. वळवली नाही.

चढ संपला तेव्हा चार टक्के उरले होते. पलीकडचा उतार लागला आणि आकडा उलटा चढू लागला. पाच, सहा, आठ.

“उताराला परत देते ही?” हे म्हणाले. “आम्ही ब्रेक जाळत उतरायचो.” पुढचे कितीतरी किलोमीटर मी त्यांना आकडा वाचून दाखवत होते.

पलीकडच्या गावात एका दुकानाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये चार्जर होता. वायर लावली, जीव भांड्यात पडला. लेकीला फोन केला. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, “बाबांना दे.” हे तिला म्हणाले, “टीव्हीवर येणार नाही बाळा ते.” एवढंच.

मी रजिस्टर काढून बॉनेटवर ठेवलं. नववं वळण, ठरलेली वेळ दोन पन्नास, प्रत्यक्षात तीन सतरा. सत्तावीस मिनिटं लेट. माझ्या टेबलावर उशिराचं कारण लिहिल्याशिवाय कुठलाही ड्रायव्हर सुटला नाही. पंक्चर, म्हशी आडव्या आल्या, दरड कोसळली, सगळी कारणं मी ह्या हाताने लिहिलीत. शेऱ्यात लिहिलं, “कारण: दरी.” आणि ह्यांना वाचून दाखवलं.

ह्यांनी मान हलवली. मग विचारलं, “तू काय पाहिलंस?”

“रस्ता.”

“एकदाही वळली नाहीस?”

“नाही.”

सवयीने मी पेन त्यांच्यापुढे धरलं. गाडी पोहोचली की चालकाने सही करायची, ही पद्धत. सव्वीस वर्षं ह्यांनी माझ्यासमोर वाकून ती केली होती. शेडमध्ये सावली होती. ह्यांना तिथे रजिस्टर दिसत नव्हतं, मीही अंधुकच दिसत असेन. ह्यांनी पेन घेतलं नाही. हाताने पान चाचपलं, कडेपासून बोटांनी रकाने मोजले आणि दुसऱ्यावर बोट टेकवलं. रकाना बरोबर चालकाचा होता.

“इथे,” हे म्हणाले. “तू कर.”

त्यांनी बोट जरासं बाजूला सरकवलं आणि मी तिथे सही केली.