खिळ्यांची गुळणी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सोफेवाल्याच्या तोंडात खिळे होते.

सोफ्याला कापड ठोकताना एक हात कापड ताणून धरण्यात जातो, दुसरा हातोडीत. खिळे ठेवायला तोंडच उरतं. एकेक खिळा जिभेनं ओठांपर्यंत आणायचा, हातोडीच्या चुंबकानं टिपायचा आणि ठोकायचा. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून नर्स म्हणाली, "तुमच्या मिसेस गेल्या. ऐकताय ना? हॅलो?" तो खिळे तळहातावर काढू लागला. ते घाईत निघत नाहीत. तोंड मोकळं होईपर्यंत नर्सला वाटलं, लाइन तुटली. तिनं फोन ठेवला. मग त्यानंच परत लावला आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकून घेतली.

ऑपरेशन साधं होतं. रविवारी ती घरी यायची होती.

बोलायचं खातं सगळं तिच्याकडे होतं. गिऱ्हाइकाशी घासाघीस, उशीर झाला तर गोड बोलणं, पोरीच्या शाळेत जाणं, नातेवाइकांचे रुसवेफुगवे. तो पाठमोरा बसून ठोकत राहायचा. "लोक मिठाची गुळणी धरून बसतात," ती गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या ह्यांची खिळ्यांची असते." तो हसायचा तेही ओठ मिटून.

आणि शेवटची शिवण तिची असायची. सोफ्याची पाठ सगळ्यात शेवटी, वाकड्या सुईनं, हातानं बंद करावी लागते आणि टाका दिसता कामा नये. तिचा कधी दिसला नाही. ती गेल्यावर दुकानात पाठ उघडी असलेल्या खुर्च्या साठत गेल्या. गिऱ्हाइकं आधी गप्प राहिली, मग हळूहळू विचारू लागली.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. आई तिला वकीलबाई म्हणायची, कारण झोपायला जा म्हटलं तरी ती मुद्दे मांडायची. कॉलेजात मात्र तिनं भूगोल घ्यायचं ठरवलं होतं. शेजारच्या दुकानातला किल्लीवाला म्हणायचा, "बरोबर आहे. कुठं भांडायचं ते आधी माहीत पाहिजे."

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. काही न बोलता आईच्या स्टुलावर बसली, सुईत दोरा ओवला आणि एका खुर्चीची पाठ शिवायला घेतली. मान एका बाजूला कलती आणि दोरा करंगळीला गुंडाळलेला, सगळं अगदी आईसारखं. सोफेवाल्यानं एकदा बघितलं. दुसऱ्यांदा त्याला बघवलं नाही.

"चहा घेऊन येतो," म्हणून त्यानं काढता पाय घेतला आणि किल्लीवाल्याकडे जाऊन बसला. तिची शिवण होईपर्यंत तो परतला नाही. चहा आणायचाही राहिला.

"चहा?" तिनं विचारलं.

"संपला होता चहावाल्याकडे."

"अख्ख्या गल्लीतला?"

 त्यानं खुर्ची उलटी करून बघितली. टाका दिसत नव्हता. चांगलं झालंय, एवढं म्हणायला काही जात नव्हतं. तेही म्हणाला नाही.

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढला. "बाबा, कॉलेज सुरू व्हायला उन्हाळा अख्खा पडलाय. मी काम करायचं म्हणतेय. तीन जागा आहेत."

"हं."

"पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायला माणूस हवाय. मैत्रीण पण आहे तिथं. मावशी म्हणते, तिच्या लॉजवर ये, चादरी-टॉवेलांचं बघ, समुद्राची हवा लागेल. आणि तिसरं..." ती ताटातल्या भाताशी खेळत राहिली. "तिसरं आपलं दुकान."

"दुकानात काय आहे? धूळ."

"मग तलाव?"

"तुझं तू ठरव."

"मी माझंच ठरवतेय. तुम्हाला विचारतेय."

"सांगितलं ना. तुला जिथं वाटेल तिथं."

त्याला वाटत होतं, तिनं थांबावं. पण त्याचा हिशेब वेगळा होता. आपण थांब म्हटलं तर ही नाही म्हणणार नाही. आई गेलेली पोर, बापाला कशी नाही म्हणेल? मग शेवटची मोकळी सुट्टी काथ्याच्या धुळीत जाईल, आणि ती आपण मागून घेतलेली असेल. तिनं आपणहून थांबावं, अशी त्याची इच्छा होती. तिला मात्र एकदा विचारलेलं हवं होतं. हे सांगणारं माणूस आता घरात उरलं नव्हतं.

मावशीचा फोन आलाच. "भाऊजी, तुम्ही तिला अडवू नका हं. ताई असती तर तिनंच पाठवलं असतं."

"मी कुठं अडवतोय?"

"अडवत नाही, पण तोंडानं जा पण म्हणत नाही. तुमचं आपलं नेहमीचंच."

सकाळी मुलगी दुकानाच्या दारात आली. अंघोळ करून, केस बांधून, कामाच्या कपड्यांत. तिला येताना त्यानं काचेतून बघितलं होतं. ती काय विचारणार हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं डब्यात हात घातला आणि मूठभर खिळे तोंडात टाकले.

"बाबा, तलाववाल्यांना मी नाही म्हणून आलेय," ती म्हणाली. "मावशीला दुपारपर्यंत कळवायचंय. जाऊ, की राहू?"

त्यानं एक खिळा ठोकला. मग दुसरा. ती स्टुलाच्या शेजारी उभी राहिली. बसली नाही. तो थांबला असता, खिळे काढून हातावर घेतले असते, तर तिनं वाट बघितली असती. वाट बघायलाच ती आली होती. तोंडातले संपत आले तसे त्यानं डब्यातून आणखी घेतले.

"बरं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती गेली. बसच्या खिडकीतून म्हणाली, "जेवत जा वेळेवर." तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर." काय म्हणायचं ते त्याला बस निघाल्यावर सुचलं, पण ते ऐकायला ती तिथं राहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात किल्लीवाला चावी घासता घासता सहज म्हणाला, "काय उस्ताद, शिवायला कोणी मिळालं का? वकीलबाई जायच्या आदल्या दिवशी तेच विचारत होती."

"काय विचारत होती?"

"हेच, की बाबांना माणूस मिळेल का. मी म्हटलं, अगं मग तूच थांब की, त्यांना विचारून बघ. तर म्हणाली, विचारलं काका, बाबांनी खिळे तोंडात टाकले." किल्लीवाल्यानं यंत्र बंद केलं. "म्हणाली, आईच्या जागेवर मी बसलेली त्यांना बघवत नाही. कशाला उगाच त्यांच्या डोळ्यांसमोर राहू. तलाव काय, घरून जवळच होता. पण रोज संध्याकाळी तुम्ही तिच्याकडे बघायचं टाळलं असतं ना, म्हणून लांब गेली."

 सोफेवाला म्हणाला, "तसं नव्हतं."

"मला कशाला सांगताय?" किल्लीवाला म्हणाला. "तिला सांगा."

रविवारी तिचा फोन आला. लॉजमध्ये चादरींचे ढीग असतात म्हणाली. एका म्हाताऱ्या पाहुण्याला उशा रोज मोजून लागतात. मावशी स्वतः काही करत नाही, नुसती ओरडते. तो ऐकत राहिला. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"दुकानात पाठी कोण शिवतंय?" तिनं विचारलं.

"मीच."

"टाके दिसतात?"

"दिसतात."

ती थांबली. बोलायची हीच वेळ होती, हे त्यालाही कळत होतं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो." दुकानात कोणी नव्हतं.

त्यानंतरही बरेच रविवार आले. तिनं फोन केले, त्यानं हवापाण्याचं विचारलं. कॉलेज मावशीच्या गावाच्याच बाजूला असल्यानं सामान न्यायलाही ती घरी आली नाही. मावशीनं माणूस पाठवून ट्रंक नेली, आणि मुलगी तिकडूनच परस्पर वसतिगृहात गेली.

तू दुकानात थांबायला हवी होतीस, मला तू तिथं बसलेली हवी होतीस, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही.