दोन वाऱ्यांचे बेट

मित्रांनो, मी एक जुना रंगवलेला पडदा आहे. माझ्यावर निळा समुद्र आहे, समुद्रात एक बेट आहे, बेटावर नारळाची सात झाडे आहेत आणि झाडांमागे एक सूर्य आहे. तो गेली पंधरा वर्षे मावळतोच आहे. सुट्टीत कुठल्या समुद्रावर जावे, याचा तुमच्या घरी खल चालला असेल, तर आधी माझे थोडे ऐका. मी स्वतः कधी समुद्र पाहिलेला नाही, पण त्याने काही बिघडत नाही. समुद्राविषयी सगळ्यात गोड बोलणारी माणसे मी पाहिली, त्यांनीही तो पाहिलेला नव्हता.

मला पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने रंगवले. दुकानांची नावे, दवाखान्याच्या वेळा, 'येथे वाहने लावू नयेत' हे त्याचे रोजचे काम. समुद्र त्याला ठाऊक होता तो कॅलेंडरवरचा. तरी हात चांगला होता. लाटांचा फेस त्याने जुन्या टूथब्रशने उडवला, ओल्या वाळूवर पावलांचे ठसे काढले. चौथ्या दिवशी कोपऱ्यात जागा रिकामी दिसली, म्हणून तिथे एक शिडाची होडी काढली. मग पाच पावले मागे सरकून त्याने मला पाहिले आणि त्याचे तोंड उतरले. झाडे वाऱ्याने उजवीकडे वाकली होती आणि शीड फुगले होते डावीकडे. एकाच बेटावर दोन वारे वाहत होते.

"एक तास द्या, शीड फिरवून देतो," तो मालकांना म्हणाला.

मालक घाईत होते. "राहू दे रे. कोण बघतंय?" असे म्हणून त्यांनी रंग वाळता वाळता मला गुंडाळले आणि घेऊन गेले. खरे सांगतो, मला हायसे वाटले. ती होडी मला तशीच आवडत होती. आपल्या अंगावरची चूक आपल्याला शोभूनच दिसते.

मालकांची प्रवास कंपनी होती. नाव मोठे, जागा दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत टेबले, खुर्च्या आणि बेटांच्या रंगीत पुस्तिका. मागच्या खोलीत चहाची शेगडी, जुन्या फायली आणि भिंतीवर मी. मला पुढे लावण्याची सोय नव्हती, कारण माझे काम झाकून करण्याचे होते. बेट निवडायला येणारा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो, 'तुम्ही स्वतः गेला होता का?' नाही म्हटले की तो उठून दुसरीकडे जातो. म्हणून मालकांनी रिवाजच पाडला होता. टेबलावर बसायला नवे माणूस आले, की पहिल्याच दिवशी त्याला माझ्यासमोर उभे करायचे, फोटो काढायचा आणि मोठा करून त्याच्या टेबलामागे टांगायचा. माणूस काम सोडून गेले की फोटोही खाली उतरायचा. अशी चार माणसे माझ्यापुढे हसून गेली. पाचव्या आल्या त्या बाई.

बाईंना सगळे बाईच म्हणत. तिशी उलटलेली, लग्न न झालेली, भाऊ-वहिनीच्या घरी राहणारी. मालकांनी उभे राहायला सांगितले तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण मी समुद्रावर कधी गेलेली नाही." मालक म्हणाले की जाल की, वर्षातून एक गट निघतो, त्याच्याबरोबर आपले एक माणूस असतेच, पुढच्या खेपेला तुमचाच नंबर, तोवर हा फोटो. बाई हसल्या. फोटो छान आला. त्यांच्या खांद्यामागे माझी होडी अगदी ठळक दिसत होती, म्हणून मलाही तो आवडला.

मित्रांनो, खोटे तर त्या बोलल्याच. मी त्यांची बाजू घेत नाही. अकरा वर्षे, दिवसातून चार-पाच वेळा, 'हो, जाऊन आलेय' असे त्या म्हणत राहिल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण त्यांच्यासारखे बेट निवडून देणारे माणूस दुसरे नव्हते, हेही तितकेच खरे. आलेल्याला त्या आधी विचारत, "तुम्हाला पाण्यात उतरायचंय, की पाण्याकडे बघत बसायचंय?" निम्मी बेटे तिथेच गळत. मग गुडघ्यांची चौकशी, कारण काही ठिकाणी होडीतून शिडीने चढावे लागते. मग महिना कोणता, कारण पुस्तिकेत बारा महिने ऊन असते आणि बेटावर चार महिने पाऊस. कुठली वाळू मऊ, कुठे पोवळ्याच्या तुकड्यांनी तळवे फाटतात, कुठे जेलीसारखे जीव अंगाला डसतात, सगळे त्यांच्या लांबट वहीत होते. परतलेल्या माणसांना खुर्चीत बसवून, चहा पाजून त्यांनी ते गोळा केले होते. शेवटी प्रत्येकाला त्या एक प्रश्न विचारत, वहीत लिहायचा नसलेला. लाट मागे जाते तेव्हा पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तर नेमके काय वाटते? कोणी म्हणे गुदगुल्या होतात, कोणी म्हणे तोल जातो. एक पोस्टमास्तर म्हणाले, कोणीतरी पायाखालची सतरंजी हळूच ओढून घेतो आहे असे वाटते. बाईंनी त्या दिवशी मागच्या खोलीत येऊन चपला काढल्या आणि माझ्यासमोर फरशीवर थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी त्यांना मनातल्या मनात हसलो. तेव्हा मी फार तोऱ्यात होतो.

दर वर्षी गट निघे आणि दर वर्षी बाई मागे राहत. एकदा ऑफिस सांभाळायला कोणी नाही म्हणून, एकदा मालकांच्या धाकट्या भावाला हवापालट हवा होता म्हणून, एकदा तर काही कारण न सांगताच. गटाचे सगळे काम बाईंनी करायचे आणि जाताना टाटाही त्यांनीच करायचा.

अकराव्या वर्षी शिडवाल्या आजी आल्या. त्यांनी चाळीस वर्षे होड्यांची शिडे शिवली होती. नदीकाठच्या कारखान्यात शिवायची, गाठोडी बांधायची आणि समुद्राकडे पाठवायची. बोटांची टोके दाभणाने कडक झालेली, पण आपण शिवलेले शीड वाऱ्यावर कसे फुगते ते त्यांनी फक्त नदीवर पाहिले होते. आता गुडघे गेले होते आणि मुले एकटीला सोडायला तयार नव्हती. बाईंनी त्यांच्याशी तासभर बोलून एक बेट काढून दिले. उथळ पाणी, शिडीची भानगड नाही, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर मच्छीमारांच्या शिडाच्या होड्या परततात असे. आजींनी मालकांना बजावले की ही बाई बरोबर असेल तरच मी येईन. आजींच्या मागोमाग त्यांच्या ओळखीची अकरा म्हातारी माणसे नाव नोंदवून गेली. मालकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, या खेपेला बाईच येतील.

बाईंनी रबरी चपलांचा एक जोड आणला. तो त्यांनी घरी नेला नाही. टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि रोज एकदा खण उघडून पाहिला. वहिनीने दिलेली टोपी मागच्या खोलीत माझ्यासमोर घालून पाहिली. त्यांना इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते, आणि मालकांच्या मेहुणीलाही त्याच बेटावर जायचे आहे हे त्यांच्याआधी मला ठाऊक होते. फोनवरचे बोलणे मालक मागच्या खोलीत येऊन करत. भिंतीला कान असतात म्हणतात, मी तर भिंतीवरच होतो.

निघण्याच्या आठवडाभर आधी गटातल्या सगळ्यांना माहिती द्यायला बोलावले होते. पुढची खोली म्हाताऱ्या माणसांनी भरली. बाईंनी सामानाची यादी वाचून दाखवली. मग मालक उठले आणि त्यांनी गोड आवाजात सांगितले की बरोबर माझी मेहुणी येईल, मोठी हौशी आहे, तुमची उत्तम काळजी घेईल.

"आणि बाई?" आजींनी विचारले.

"बाईंना काय नवल त्याचं? त्या तर जाऊन आल्यात. तो बघा ना फोटो."

मित्रांनो, मी बरेच डावपेच ऐकले आहेत, पण असा केसाने गळा कापलेला ऐकला नव्हता. बाई काय बोलणार? गेले नाही म्हणावे तर अकरा वर्षांचे खोटे बारा गिऱ्हाइकांसमोर उघडे पडणार. गेले होते म्हणावे तर बेट गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दार किलकिले होते, फटीतून मला त्या सामानाच्या यादीची घडी घालताना दिसल्या. मालक मात्र हसत होते.

आजी मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. काठी टेकत त्या फोटोपाशी गेल्या, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. माणसे त्या फोटोत बाईंना पाहत, समुद्राला पाहत. आजींनी शीड पाहिले.

"झाडांचा वारा एकीकडचा आणि शिडाचा दुसरीकडचा," त्या म्हणाल्या. "असा वारा नसतो. हे चित्र आहे. ही पोरगी कुठेच गेलेली नाही मालक, तिला पाठवा."

आजींच्या मनात चांगलेच होते. आता तरी हिला नेतील, एवढाच त्यांचा हिशेब. पण करायला गेल्या एक आणि झाले भलतेच.  मालकांनी मागच्या खोलीचे दार सताड उघडले, दिवा लावला आणि बारा जणांना माझ्यासमोर आणून उभे केले. "बघा," ते म्हणाले, "माझ्या पाठीमागे हे उद्योग चालतात. बाई, तुम्ही मलासुद्धा फसवलंत?"

चोराच्या उलट्या बोंबा. पण त्या किती खणखणीत होत्या म्हणून सांगू! मला पाहायला इतकी माणसे एका वेळी कधीच आली नव्हती. इतकी वर्षे मी त्याचीच वाट पाहिली होती, आणि ती सगळी माझ्याकडे पाहून तोंडे वाकडी करत होती. कोणी म्हणाले की एवढ्या वयात लाज कशी वाटली नाही. बाईंच्या हातात अजून सामानाची यादी होती. मालकांनीच मला उभे केले होते, एवढे एक वाक्य त्यांना बोलता आले असते. मला वाटते, त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता आणि हे त्यांना माहीत होते. पायाखाली सरकायला वाळूसुद्धा नव्हती, नुसती फरशी होती.

मालकांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढले. खिळ्यांवरून मला ओढले, तेव्हा माझा वरचा काठ फाटला. गुंडाळी करून त्यांनी ती बाईंच्या अंगावर टाकली. "हाही न्या. तुमचंच बेट आहे."

बाईंनी मला उचलले. खणातल्या चपला मात्र तिथेच राहिल्या. त्या घालून मेहुणी बेटावर गेली, माप तिला बरोबर बसले.

भावाच्या घरी मला गच्चीच्या जिन्यात उन्हाला आडोसा म्हणून लावले. समुद्र भिंतीकडे आणि पाठ घराकडे. वहिनी वाईट नव्हती, पण घरात बसलेल्या नणंदेच्या वाट्याला घासायची भांडी आपोआपच जास्त येतात. बाईंनी तीन प्रवास कंपन्यांत विचारून पाहिले. वही दाखवली. सगळीकडे तोच प्रश्न आला, स्वतः गेला होता का? त्यांनी पहिल्यांदाच खरे उत्तर दिले आणि तिन्ही ठिकाणांहून त्या परत आल्या.

एक दिवस आजी आल्या. हो, त्या बेटावर जाऊन आल्या होत्या. कोणावर रागावून समुद्र सोडत नाही माणूस. मेहुणी दिवसभर खोलीत झोपून होती, पण होड्या मात्र बाईंनी सांगितल्या तशाच संध्याकाळी परतल्या, असे त्या म्हणाल्या. मग त्या रडल्या. माझ्या जिभेने तुझं वाटोळं केलं, म्हणाल्या. खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत त्यांनी बाईंसाठी वाळू आणली होती. बाईंनी त्यांना पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला. त्यांना क्षमा केली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कारण त्यांनी एवढेच विचारले, "आजी, शीड कुठल्या बाजूला फुगायला हवं होतं?"

आजींनी बोटाने दाखवले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पलटून समुद्र घराकडे केला. भाचीच्या रंगपेटीतला पांढरा आणि निळा रंग घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या. डावीकडचे शीड पुसले, उजवीकडे फुगवले. हात रंगाऱ्यासारखा नव्हता, पण वारा बरोबर होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बेटावर एकच वारा वाहू लागला. मग त्यांनी बाटलीतली वाळू माझ्या पायथ्याशी फरशीवर पसरली. ती जेमतेम दोन पावलांपुरती होती. वहिनीची टोपी घातली, अनवाणी त्या वाळूवर उभ्या राहिल्या आणि भाचीला फोटो काढायला सांगितले. आपल्याला काय वाटले हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. वाळू सरकली नाही, एवढे मी पाहिले.

चौथ्या कंपनीत तो फोटो पाहिला गेला. तिथे बाईंना जागा मिळाली. फोटो त्यांच्या टेबलामागे आहे, आणि आता मागे चित्र आहे हे कोणालाही ओळखू येणार नाही.

मी जिन्यातच आहे. उन्हाने माझा रंग उडतो आहे. झाडे पाचच उरली आहेत. शीड नवे आहे, ते मात्र टिकेल. मित्रांनो, मला झटका, घडी घालून ठेवा, उंदरांपासून जपा, असे मी म्हणणार नाही. कापडाला काय, चिंधी व्हायचेच असते. माझे एवढेच मागणे आहे. बेट निवडायला जाल तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाला 'तुम्ही गेला होता का' असे विचारू नका. तो हो म्हणेल. आणि जमले तर एकदा त्याला बरोबर घेऊन जा.