शेजारची सीट

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला, चिंध्यांना हात पुसले आणि माझ्याकडे न बघता माझ्या लेकीला म्हणाला, "क्लचप्लेट पार संपलीय. इंजिनही तेल खायला लागलंय. चालवतं कोण?"

"आई," लेक म्हणाली.

मग त्याने माझ्याकडे मान वळवली. वीस वर्षं आम्ही त्याच्याकडेच येतो, त्यामुळे जीभ आवरायची त्याला काही गरज वाटली नाही. "काकू, राग मानू नका. तुम्ही क्लचवरचा पाय उचलतच नाही. आणि दुसऱ्या गिअरमध्ये इतकी ताणता की गाडी बिचारी बोंबलत असते. तुम्ही कोपऱ्यावर वळलात की मला आत कळतं, काकू आल्या."

एरवी कोणी असं बोललं असतं तर मी त्याला जागच्या जागी सोलून काढलं असतं. माझ्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून असते, आणि मला त्याची कधी लाज वाटलेली नाही. पण त्या दिवशी मी नुसती मान हलवली. म्हटलं, सवय लागलीय रे, जात नाही.

पलीकडे स्टुलावर हे बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. त्यांनी चांगला हात हवेत हलवला. मी आहे ना, शिकवतोय अजून, असा त्याचा अर्थ. मिस्त्री हसला. "मास्तर, सगळ्या गावाला शिकवलंत आणि घरच्याच माणसाने तुमचं नाव घालवलं."

हे हसले. त्यांचं हसू आता अर्ध्याच तोंडावर येतं. मीही हसले.

ह्यांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस गावात कुठेही भेटतो. बँकेच्या खिडकीमागे, बेकरीत, दवाखान्यात. फिकट निळ्या रंगाची ही गाडी शिकवणीचीच. शेजारच्या सीटपुढे, ह्यांच्या पायाखाली, त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. स्टिअरिंगवर बसलेले हे मला फारसे आठवतच नाहीत. त्यांचा जन्म शेजारी बसण्यात गेला. शिकणाऱ्यावर कधी ओरडले नाहीत. बोललं की माणूस बिथरतो, म्हणायचे. म्हणून डॅशबोर्डवर बोटाने वाजवायचे. एकदा टक, म्हणजे वरचा गिअर. दोनदा टकटक, म्हणजे खालचा. मला मात्र कधी शिकवली नाही. मी विषय काढला की म्हणायचे, तुला शिकवायला घेतलं तर जाताना एकत्र जाऊ आणि येताना वेगवेगळे येऊ.

सहा वर्षांपूर्वी ह्यांचं एक अंग गेलं आणि अंगाबरोबर बोलणंही गेलं. एखादा शब्द निघतो, तोही ओढून काढल्यासारखा. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं, तर नेणार कोण? लेकीची नोकरी, तिचं घर वेगळं. शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे हात पसरणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, मी शिकते. चौथीपर्यंत शाळा पाहिलेली मी, अठ्ठावन्नाव्या वर्षी रस्त्यावरच्या खुणा चित्रांवरून पाठ केल्या आणि परवान्याच्या परीक्षेला बसले. साहेबाने विचारलं, शिकवलं कोणी? मी शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं.

आणि ते खरंच होतं. पहिलं वर्षभर मी त्या टकटकीवरच गाडी चालवली. ह्यांचं बोट वाजलं की माझा हात गिअरवर. वाणी गेलेल्या माणसाचं बोलणं त्या बोटात आलं होतं. गाडीत बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची.

दुसऱ्या वर्षी एके दिवशी मी पाण्याच्या टाकीचा चढ चढत होते. इंजिनाने दम खाल्ला तसा माझा हात आपोआप गेला आणि खालचा गिअर पडला. झटका नाही, आवाज नाही. मला काही कळायच्या आधी हाताला कळलं होतं. मी खुशीत शेजारी पाहिलं. ह्यांचं बोट वाजवायला उचललेलं होतं, ते तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. दोन दिवस धड जेवले नाहीत. विचारलं की मान हलवायचे, काही नाही.

त्यानंतर मी एकही गिअर त्यांच्या बोटाआधी टाकला नाही. वाजलं की टाकायचा. नाही वाजलं तर इंजिन ओरडू दे. पाय क्लचवर तयार ठेवायचा आणि वाट बघायची. ह्यांचा हात वर्षावर्षाने जड होत गेला, तशी माझी वाट लांबत गेली. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, खिडकीतून तोंड काढून काय काय बोलायचे. त्यांतल्या एकदोघांना मी सव्याज परत दिलं, पण गिअर नाही टाकला. मिस्त्रीने गाडीच्या पोटात जे वाचलं ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं. फक्त ते कोणी लिहिलं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगणार नव्हते.

लेक मागे लागली. आई, तुझा गुडघा बघ, क्लच दाबून दाबून सुजतो. गाडीचं वय झालंय. आता बिनगिअरच्या गाड्या येतात, त्या आपल्या आपण गिअर बदलतात. महिनाभर मी ऐकून घेतलं नाही. मग एका दुपारी भांडी घासता घासता डोक्यात आलं, की ज्या गाडीला गिअरच नाहीत, तिच्यात मला गिअर येतात की नाही, हे ह्यांना कधीच कळणार नाही. गाडीच बदलली, त्याला कोण काय करणार? ह्यांना वाटत राहील की शेवटच्या दिवसापर्यंत तिला माझ्यावाचून जमलं नाही. मी हात पुसले आणि लेकीला फोन केला, घे म्हटलं.

मिस्त्रीने विकण्यापुरती नवी क्लचप्लेट घातली. गाडी बघायला एक चष्मेवाला आला. चष्म्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरणारा, गोड बोलणारा माणूस. हे दारातल्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. चष्मेवाल्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकाला बुटाने ठोकून पाहिलं, बॉनेट उघडलं, लावलं. मग मला म्हणाला, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. मास्तरांनी चालवलेली असती तर डोळे मिटून घेतली असती. पण बाईमाणसाच्या हातची गाडी म्हणजे गिअरबॉक्स खिळखिळाच असणार."

मिस्त्री बोलला होता ते मला बोलला होता. मी गिळलं. हा मेला गाडीला नावं ठेवत होता, तीही ह्यांच्या दारात उभा राहून.

"बसा," मी म्हटलं.

हे काठी घेऊन उठायला लागले. मी म्हटलं, तुम्ही कशाला उन्हात, आले मी दोन मिनिटांत. रागाच्या भरात तेवढंच सुचलं. पुढचं सुचलंच नाही.

गल्लीतून निघाले ती पहिला, दुसरा, तिसरा. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी निघाली. टाकीच्या चढाला खालचा टाकला, माथ्यावर वरचा. पाच वर्षं दाबून धरलेलं सगळं हातापायांत आलं. उताराला चष्मेवाल्याने वरची कडी धरली. टाकीला वळसा घालून, आमच्या दारापर्यंत रिव्हर्समध्ये आणून मी गाडी अशी लावली की चाक आणि पायरी यांच्यात वहीदेखील उभी शिरली नसती. चष्मेवाला म्हणाला, घेतली. मी छाती पुढे काढून उतरले आणि पायरीकडे पाहिलं.

टाकी आमच्या दारातून दिसते. चढावरचं इंजिन तर घरात झोपलेल्यालाही ऐकू येतं. आणि हे म्हणजे एके काळी घरात बसून, रस्त्याने कुठला शिष्य चाललाय ते गिअरच्या आवाजावरून सांगणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीकडेही नाही. काठीच्या मुठीकडे बघत बसले होते.

संध्याकाळी मी गोळ्या आणि पाणी घेऊन गेले. त्यांनी पेला घेतला नाही.

"तुला," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "येतं."

मी पेला खाटेशेजारी ठेवला.

"कधी... पासून?"

खोटं बोलता आलं असतं. आजच कसं जमलं कोण जाणे, असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी आवाज ऐकला होता. एका दिवसात असा हात बसत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"पाच वर्षं होतील," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, शिकाऊ माणसाचं उत्तर बरोबर आल्यावर डोलवायचे तशी. मग पेला घेतला, गोळ्या घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते मात्र ठरवता येईना.

चष्मेवाल्याला शेजारचा तो जादा ब्रेक नको होता. त्याच्या पेट्यांना अडचण होणार होती. मिस्त्री येऊन तो काढून गेला. त्या जागी खाली दोन भोकं राहिली. त्याने ब्रेक फडक्याने स्वच्छ पुसला आणि ह्यांच्या पुढे धरला, मास्तर, ठेवा आठवण. ह्यांनी हाताने बाजूला सारला आणि भंगाराच्या डब्याकडे बोट केलं. निळी गाडी गल्लीतून गेली तेव्हा मी दारात उभी होते. हे आत होते. चष्मेवाल्याने तिसरा जरा घाईनेच टाकला.

नवी गाडी पांढरी, उंच, आत एक पडदा. लेकीने अर्धा तास शिकवलं. डाव्या पायाला काही कामच नाही म्हणाली. डाव्या पायाला ते कोण समजावणार? त्याने सवयीने क्लच शोधला, ब्रेक सापडला, आणि लेकीचं कपाळ समोर आपटलं. शिवाय ब्रेकवरून पाय उचलला की ही गाडी आपली आपणच चालायला लागते, कोणी हाक मारल्यासारखी. लेक म्हणाली, होईल सवय. चार दिवस घरात कोणी फारसं बोललं नाही. एकाला बोलता येत नव्हतं, आणि दुसरी भांडी आदळत होती.

शुक्रवारी दवाखान्याचा दिवस. मी गाडी दारात आणली, पायरीला जितकी जवळ लावता आली तितकी. पायरीच्या बाजूला माझं दार आणि माझ्या मागचं दार. शेजारच्या सीटवर बसायचं तर गाडीला वळसा घालून पलीकडे जावं लागतं. सहा वर्षं हे तो वळसा घालत आले होते, कोणाचाही हात न धरता. त्या दिवशी पायरी उतरले, काठी टेकली आणि माझ्या मागचं दार उघडलं. काठी आत सीटवर ठेवली. पाठ फिरवून बसायला लागले.

"मागे कुठे?" मी म्हटलं. "मागे गिऱ्हाईक बसतं. मी काय टॅक्सी काढलीय?"

ते थांबले. पुढच्या सीटकडे बोट केलं आणि मग तळवा उलटा करून दाखवला. तिथे बसून करू काय?

मी सोबतीला बसा म्हटलं असतं तर ते बसले नसते. त्यांच्या जागी मीही बसले नसते. मी काच खाली करायला गेले तर वायपर फिरायला लागले. ते बंद करता करता दिव्यांची उघडझाप झाली. शेवटी एकदाची काच उतरली.

"मला ही गाडी येत नाही," मी म्हटलं.

सहा वर्षं लोक असं म्हणत आले आणि मी मान हलवत आले. माझ्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. ह्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षं फसवलेला माणूस बघेल तसं, खरं की खोटं ते शोधत. मी नजर हलवली नाही. माझा डावा पाय अजून क्लच शोधत होता आणि ते त्यांना दिसत होतं.

"तुम्हालाही येत नाही," मी म्हटलं. "असली गाडी जन्मात पाहिलेली नाही तुम्ही. तेव्हा मिजास नको. मी समोर बघू की त्या पडद्यावर काय काय उमटतं ते बघू?"

मागे दुधाची गाडी येऊन थांबली होती. तिने हॉर्न दिला. मी खिडकीतून हात बाहेर काढून तिला थांबवलं.

मागच्या सीटवरून काठी निघाली. दार लागलं. मी उतरले नाही. नव्या गाडीचं इंजिन इतकं गुपचूप, की त्यांचं चालणं स्पष्ट ऐकू येत होतं. आधी काठी, मग चांगला पाय, मग घासत येणारा दुसरा. मागून वळसा जवळ पडला असता. ते पुढून निघाले. बॉनेटला हात टेकत काचेसमोर आले, मधोमध थांबले, दम घेतला. दुधाच्या गाडीने पुन्हा हॉर्न दिला. मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले आणि घट्ट दाबून धरले.