पौर्णिमेचा नमुना

दोन वर्षांत खाडीच्या पाण्याचे सात नमुने घेतले गेले, आणि सातही प्रदूषणाच्या मर्यादेत निघाले. १९८८च्या दिवाळीनंतर त्या नमुन्यांच्या अहवालाची प्रत हरिहर मास्तरांच्या हाती आली. गुहागर तालुक्यातल्या त्या गावच्या शाळेतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी पंचांग काढलं आणि प्रत्येक तारखेपुढे तिथी लिहिली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथे पोरालाही येतो. चतुर्थीचा नमुना तीन वाजता, अमावास्येचा सव्वाअकराला. सातही नमुने ऐन भरतीचे. समुद्र आत शिरून खाडीत सोडलेलं कारखान्याचं सांडपाणी पातळ झालं की मगच बाटली बुडत होती.

जनीला यात नवीन काही नव्हतं. ती ओहोटीला चिखलात उतरून मुळे काढायची आणि ते शिंपले बाजारात विकायची. घर त्यावर चालायचं. गेलं वर्षभर पाटी अर्धीसुद्धा भरत नव्हती. निघालेले मुळे उघडे आणि मेलेले असायचे. पावलांना भेगा पडल्या होत्या, बोटांची सालं जात होती.

कारखान्याच्या परवान्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. त्याआधी तहसील कचेरीत सुनावणी झाली. मास्तरांनी तारखा आणि भरतीच्या वेळांचा तक्ता पुढे ठेवला. राज्याच्या कचेरीतून आलेल्या अधिकाऱ्याने तो नीट वाचला आणि परत दिला.

"मर्यादा दिल्लीची आहे, ती आम्ही बदललेली नाही," तो म्हणाला. "नमुना कुठे आणि केव्हा घ्यायचा, एवढं राज्याने स्थानिक परिस्थिती पाहून ठरवायचं. तसं मुंबईचं परिपत्रक आहे."

"स्थानिक परिस्थिती म्हंजे मीच ना ओ सायेब?" जनी मागच्या बाकावरून म्हणाली. "भरतीला मुळे कोण काढतो? मी तुमच्या वेळेला उतरले तर परवान्याच्या आधी माझाच निकाल लागंल."

लोक हसले. अधिकाऱ्यालाही हसावं लागलं. ओहोटीचा एक नमुना घ्यायचं त्याने कबूल केलं. वेळ गावानेच लेखी कळवावी, आणि परवान्याचा निर्णय त्या नमुन्यावर होईल.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. मार्गशीर्ष पौर्णिमा, सायंकाळी सव्वापाच, पूर्ण ओहोटी, कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी. चाळीस वर्षं त्यांनी एकही कागद अर्धवट सोडला नव्हता. सुनावणीत जेवढे पक्ष होते तेवढ्या प्रती त्यांनी काढल्या. खाली ओळ लिहिली, 'प्रत माहितीसाठी : व्यवस्थापक, कारखाना.' ती प्रत त्यांनी रजिस्टर टपालाने धाडली आणि पोचपावती जपून ठेवली.

पौर्णिमेला अधिकारी वेळेवर आला. खाडी पार आटली होती आणि नळाचं तोंड उघडं पडलं होतं. त्यातून थेंबही येत नव्हता. कारखाना दोन दिवस देखभालीसाठी बंद असल्याचं व्यवस्थापकाने सांगितलं, आणि मास्तरांना आगाऊ सूचनेबद्दल धन्यवाद दिले. अधिकाऱ्याने खडकाच्या खळग्यातल्या स्वच्छ पाण्याने बाटली भरली.

जनीने मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, चोराला पण कळवलंत?"

"नियमाप्रमाणे कळवावं लागतं, जनी."

"मग नियम तुमी एकट्यानीच पाळलात."

मास्तरांनी अधिकाऱ्याला विचारलं की कारखाना बंद असल्याची नोंद होईल का. पंचनाम्याच्या छापील कागदात तसा रकाना नाही, आणि रकाना वाढवायची मोकळीक आपल्याला नाही, असं त्याने सांगितलं. साक्षीदार म्हणून त्याने जनीचा अंगठा मागितला. ती तयार नव्हती. अंगठा नसला तर ओहोटीला नमुना घेतल्याचाच पुरावा राहणार नाही, असं त्याने समजावलं, तेव्हा तिने हात पुढे केला. शाईच्या गादीवर अंगठा दाबून कागदावर टेकवला, तर नुसता काळा डाग उमटला. अधिकाऱ्याने तिचा अंगठा रुमालाने पुसून पुन्हा टेकवला, मग डाव्याऐवजी उजवा घेतला. रेषा कुठेच नव्हत्या.

"शाई सुकलीय वाटतं," तो म्हणाला.

"शाई हाय," जनी म्हणाली. "कातडं नाय."

जानेवारीत अहवाल आला. परवान्याची मुदत आणखी पाच वर्षांसाठी वाढली होती. मास्तरांनी अहवाल जनीला वाचून दाखवला. ग्रामस्थांनी सुचवलेल्या वेळी घेतलेला नमुनाही मर्यादेत. शेवटी साक्षीदाराच्या नावापुढे शेरा होता : ठसा अस्पष्ट.

जनीने तो शेरा पुन्हा वाचायला लावला. मग ओहोटी लागली म्हणून पाटी घेऊन निघाली.